पहिली ते चौथीचा पीटीचा तास कसा घ्यायचा : खान्देशातल्या नवीन छात्राध्यापकांसाठी

इंटर्नशिपची शाळा मिळाली की आपण सगळे भाषा-गणिताच्या पाठांमागे लागतो, चार्ट बनवतो, कार्डशीट कापतो, आणि शारीरिक शिक्षणाचा पाठ म्हटला की "त्यात काय, ग्राउंडवर न्यायचं, खेळवायचं" असं धरून चालतो. पण वर्गात चार भिंती असतात, बाक असतात, फळा असतो, मैदानावर यातलं काहीच नसतं आणि समोर तीसेक पोरं असतात जी वर्गातून बाहेर आल्याच्या आनंदातच अर्धी सुटलेली असतात. म्हणून हा पाठ सगळ्यात जास्त तयारी मागतो असं माझं स्पष्ट मत आहे. मी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) दुसऱ्या वर्षाला आहे, शाळा चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याकडची, जिल्हा परिषदेची, पहिली-दुसरी एकत्र आणि तिसरी-चौथी एकत्र असे जोडवर्ग, घरी कोणी अहिराणी बोलतं कोणी पावरी. तिथे काय काय चालतं आणि काय चालत नाही ते इथे क्रमाने लिहितेय, जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या कोणत्याही नवीन छात्राध्यापकाला उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. ३५ मिनिटांच्या तासात एका पोराचं अंग किती मिनिटं हललं, तास चांगला झाला की नाही ते यावरच ठरवायचं. रांगा सरळ होत्या का, शिस्त दिसली का, साहित्य किती होतं हे सगळं नंतर. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल पाहिजे, आणि आपल्याकडे त्यातला शाळेतला वाटा म्हणजे आठवड्यातल्या ह्या मोजक्या तासिका, त्यातही अर्धा वेळ पोरगं रांगेत उभं राहणार असेल तर काय उपयोग.

तासाच्या आदल्या दिवशी : मैदान फिरून बघा

एकटे फिरा आणि चप्पल काढून फिरा, कारण बरीच पोरं अनवाणीच खेळणार आहेत. सराटे, बाभळीचे काटे, काचा, विटांचे तुकडे, वाकलेली तार, सगळं दिसतं. आपली काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि घसरवते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि भेगेत पाऊल गेलं की घोटा मुरगळतो, त्यामुळे पळायची जागा ऋतूप्रमाणे बदलावी लागते. ध्वजस्तंभाचा ओटा, हातपंपाचा सिमेंटचा कट्टा, कंपाउंडची भिंत यांच्यापासून पळायची रेषा चांगली लांब ठेवा. शर्यतीची शेवटची रेषा भिंतीजवळ कधीच नको, पोरं रेषेवर थांबत नाहीत, रेषा ओलांडून पुढे आठ-दहा पावलं जातात. पावसाळ्यात कडेच्या गवतात चेंडू गेला तर पोराला आणायला पाठवायचं नाही, स्वतः काठी आपटत जायचं.

आखणीसाठी फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) मिळाली तर उत्तम, नाहीतर चुलीची थंड राख, नाहीतर बाटलीतून पाण्याची धार, नाहीतर सरळ काठीने रेघ ओढा. पण कळीचा चुना अजिबात वापरू नका, डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. कोन नसतील तर वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, विटा-दगड नको. सायकलचे जुने टायर गावात फुकट मिळतात, उडी मारायला, नेम धरायला, "घर" म्हणून उभं राहायला, सगळ्याला चालतात.

वेळ आणि ऊन

आपल्याकडे हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या पुस्तकातून कळणार नाही. एप्रिलमध्येच पारा ४२-४३ ला जातो, आणि लहान मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो, अंग लवकर तापतं, वर खेळाच्या नादात तहान लागलेली त्यांना कळत नाही. मार्चपासून पीटीचा तास सकाळी पहिल्या-दुसऱ्या तासिकेलाच मागून घ्या, मुख्याध्यापकांना नीट कारण सांगितलं तर वेळापत्रकात बदल करून देतात. दर १०-१५ मिनिटांनी शिट्टी मारून सगळ्यांना पाणी, "ज्याला तहान लागली त्याने प्या" असं नाही, सगळ्यांनी दोन घोट. उभं करताना पोरांची पाठ उन्हाकडे आणि तुमचं तोंड उन्हाकडे, नाहीतर ते डोळे बारीक करून उभे राहतात आणि तुम्ही दाखवलेलं काहीच बघत नाहीत. वारा असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहा, आवाज आपोआप त्यांच्याकडे जातो, घसा वाचतो.

पोटाचं पण बघा. शनिवारी सकाळची शाळा असते आणि त्याच दिवशी सामुदायिक कवायत असते, आणि कितीतरी पोरं नुसता चहा पिऊन आलेली असतात, आईबाप कापूस वेचायला किंवा केळीच्या कामाला पहाटेच निघालेले असतात. सुरुवात करायच्या आधी "काय खाल्लं?" एवढं विचारून घ्या, उपाशी असेल त्याला हलकं काम द्या. आणि पोषण आहाराची खिचडी खाल्ल्यावर पाऊण-एक तास तरी पळापळीचा खेळ नको.

ज्या गोष्टी वर्गशिक्षकांना विचारून ठेवायच्याच

कोणाला दमा आहे, फिट येते, हृदयाचा त्रास आहे, नुकताच हात मोडला होता, हे तासाआधी माहीत पाहिजे. आपल्या भागात अजून एक, सिकलसेल. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी मुलांमध्ये हा रक्ताचा आजार आढळतो, आणि ज्याला तो आहे त्या मुलाला जास्त दमवलं, पाणी कमी पडलं, किंवा कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवलं तर हातापायात, सांध्यात भयंकर दुखायला लागतं. अशा मुलाला खेळातून काढायचं नाही, पण त्याला सतत पाणी द्यायचं, "थकलो" म्हणाला की लगेच बसू द्यायचं, चिडवू द्यायचं नाही आणि "नाटक करतो" असं तर कधीच म्हणायचं नाही. दुखणं सुरू झालं तर पालक आणि आरोग्य केंद्र. ही माहिती सगळ्या वर्गासमोर विचारायची नाही, शिक्षकांना बाजूला घेऊन विचारा.

टाचण लिहिताना

टाचण म्हणजे पाठाची लेखी आखणी. फायलीतला नमुना तर लिहावाच लागतो, उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन, पण त्याच्या शेजारी पेन्सिलीने मिनिटं लिहा. पाणी-चप्पल-रांग यात सुरुवातीची ५ मिनिटं, अंग गरम करायला ५, एक कौशल्य १०, खेळ १०-१२, शेवटी अंग सैल सोडायला ३. एका तासात एकच कौशल्य घ्या. पहिली-दुसरीला पळणं, लंगडी, उडी, तोल सांभाळणं, फेकणं, झेलणं एवढंच पुरे आहे, ह्या मूळ हालचाली पक्क्या झाल्या तरच पुढे खो-खो, कबड्डी, क्रिकेट जमतं. बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू' मध्ये ह्या वयाच्या कृती आहेत, ते पुस्तक शाळेत शोधून ठेवा.

अंग गरम करायला "एक-दोन-तीन-चार" मोजत हात वर-खाली करण्यापेक्षा गोष्टीतून न्या. शेतात चाललोय, पाट आला उडी मारा, केळीच्या पानाखालून वाकून जा, बैल बिथरला पळा, विहिरीच्या काठाने एकेक पाऊल टाका. पोरं ह्यात स्वतःच भर घालतात, एकाने सांगितलं की "मॅडम आता रानडुक्कर उनं" आणि सगळा वर्ग पळाला, त्याहून चांगलं वॉर्मअप कुठल्या पुस्तकात नाही.

पहिला धडा थांबण्याचा

खेळाच्या आधी थांबायला शिकवा. शिट्टीचे दोनच अर्थ ठेवा, एक लांब शिट्टी म्हणजे जिथे आहात तिथे पुतळा, दोन छोट्या म्हणजे माझ्याकडे या. पहिला पूर्ण तास याचाच खेळ करा, सगळे हवं तसं पळा, शिट्टी, पुतळा, परत पळा. हे पक्कं झालं की पुढचे सगळे तास सोपे जातात, आणि कोणाला लागलं किंवा बैलगाडी आत आली तर एका क्षणात मैदान थांबवता येतं. शिट्टी कमी वाजवा, प्रत्येक गोष्टीला वाजवली तर तिचं वजन जातं.

सूचना देताना सगळ्यांना गोल उभं करा आणि तुम्ही गोलाच्या रेषेवर उभे राहा, मध्ये उभं राहिलात तर अर्ध्यांना तुमची पाठ दिसते. बोलणं अर्ध्या मिनिटात संपवा. आधी करून दाखवा मग दोन शब्द. आणि पोरांच्या बोलीत बोलायला अजिबात लाजू नका, "इकडे धावत या" पेक्षा "आठे पयत ये" म्हटलं की पहिलीचं पोर क्षणात येतं. पावरी येत नसेल तर चौथीतल्या एखाद्या मुलीला सोबत घ्या, ती सांगते, आणि तिलाही त्याचा मान वाटतो.

रांगेचं गणित

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. ३० पोरं, १५-१५ च्या दोन रांगा, एकाने पळून यायचं मग दुसऱ्याने, एकाला २० सेकंद लागतात. म्हणजे एक फेरी ५ मिनिटांची. १५ मिनिटांत प्रत्येकाला तीन पाळ्या, म्हणजे एक मिनिट पळणं आणि चौदा मिनिटं उभं राहणं. मग ते ढकलाढकली करणारच, रांगेतून "मॅडम, मना नंबर कव्हय येई" सुरू होणारच, आणि आपण म्हणतो वर्ग फार दंगा करतो. त्याच ३० पोरांच्या ५-५ च्या सहा रांगा करा, त्याच वेळात नऊ पाळ्या होतात. आणि दंगा कमी होतो, कारण दंग्याला वेळच राहत नाही. जागा तेवढीच लागते, फक्त रेषा जास्त आखाव्या लागतात.

आपले ओळखीचे खेळ पण ह्याच नजरेने तपासा. मामाचं पत्र हरवलं घेतलं तर दोघं पळतात आणि बाकीचे बसून बघतात, मग आठ-आठच्या चार गोलांत घ्या. रुमाल पळवण्यातही तेच, तीन रुमाल आणि तीन छोटे गट करा. संगीत खुर्ची मी ह्या वयाला घेतच नाही. याउलट विषामृत सोन्यासारखा खेळ आहे, विष लागलं की थांबायचं, दुसऱ्याने अमृत दिलं की परत पळायचं, कोणी बाहेर बसतच नाही. साखळीही तशीच, पकडला गेला तो साखळीत येतो आणि पळतच राहतो.

यातूनच पुढचा मुद्दा येतो, "बाद". विचार करा, सगळ्यात आधी कोण बाद होतं? जे पोर हळू पळतं, ज्याला तोल जमत नाही, ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच. आणि बाद झालं की तेच सगळ्यात जास्त वेळ ओट्यावर बसतं. म्हणून माझ्या तासाला बाद झालेलं पोर ध्वजाच्या ओट्यापर्यंत पळत जातं, १० उड्या मारतं आणि परत खेळात येतं. पोरांना हा नियम इतका आवडतो की मधल्या सुट्टीत स्वतःच्या खेळातही त्यांनी तो घेतलाय.

गट पाडताना दोन कॅप्टन उभे करून "तू कोणाला घेतोस" करू नका, शेवटी उरणारं पोर दरवेळी तेच असतं आणि ते त्याला कळतं. रंगीत चिंध्या वाटा, किंवा जन्ममहिन्यावर पाडा. मुलं विरुद्ध मुली असंही नको.

जोडवर्गात सहा वर्षांचं आणि नऊ वर्षांचं पोर एकाच खेळात असतं, धडक बसली की लहानाचं लागतं. यावर लंगडी हा फार सुंदर उपाय आहे, चौथीची पोरं लंगडी घालत पकडणार, पहिलीची दोन पायांवर पळणार. दोघांनाही पूर्ण जोर लावावा लागतो आणि कोणी कोणाला रगडत नाही.

कौशल्य शिकवताना, थोडंसं

झेलणं : लहान मुलं चेंडू येताना तोंड फिरवतात, डोळे मिटतात, हा भित्रेपणा नाही, त्या वयात तसंच होतं. कडक चेंडू अजिबात नको. जुन्या मोज्यात चिंध्या किंवा कापूस भरून शिवलेला चेंडू करा, आपल्याकडे कापसाला काय तोटा, प्रत्येकाला एक करता येतो आणि "चेंडू एकच आहे" हे कारणच संपतं. आधी स्वतःच वर उडवून स्वतः झेलणं, मग जमिनीवर घरंगळत आलेला अडवणं, मग जोडीत दोन पावलांवरून. सांगायचं एवढंच, चेंडूकडे बघ, हात पुढे ने, पोटाशी ओढ.

फेकणं : उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे. हे तोंडाने सांगून येत नाही, जमिनीवर दोन पावलांच्या खुणा काढा, त्यावर पाय ठेवून फेकायला लावा. नेमाला टायर टांगा.

उडी : उडी मारण्यापेक्षा उतरणं शिकवा. मांजर भिंतीवरून उतरतं तसं, आवाज न करता, गुडघे वाकवून. "कोणाचा आवाज नाही आला?" विचारलं की सगळे आपोआप नीट उतरतात.

लंगडी : दोन्ही पायांनी घ्या. पहिलीच्या पोराला एका पायावर सात-आठ उड्या जमतात आणि दुसऱ्यावर दोनच, ते अगदी साहजिक आहे.

खो-खो तिसरी-चौथीला सुरू करा पण मोठ्यांचा नाही. खऱ्या खेळात पाठलागाचे ९ जण, त्यातले ८ बसलेले. आपण पाच जण बसवायचे, दोघंतिघं पळणारे, आणि असे तीन खेळ शेजारी शेजारी. खांब नको, नुसत्या खुणा. आधी फक्त दोन नियम, खो पाठीमागूनच द्यायचा आणि हळू हात लावून तोंडाने "खो" म्हणायचं, ढकलायचं नाही. दिशा न बदलण्याचा नियम महिनाभराने आणा. मुलींना आवर्जून सांगा की जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला, भारताच्या मुली आणि मुलं दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. चौथीच्या एका मुलीने हे ऐकलं आणि त्या दिवशी ती ओढणी कमरेला खोचून सगळ्यात पुढे बसली होती. ओढणीवरून आठवलं, लांब ओढण्या, काचेच्या बांगड्या, गळ्यातले दोरे खेळाआधी काढून वर्गात ठेवायला लावा.

दिव्यांग मुलाला दरवेळी गुण लिहायला बसवू नका. चालायला त्रास असेल तर त्याच्यासाठी अंतर कमी करा, चेंडू मोठा द्या, जोडीदार द्या. तो खेळात पाहिजे.

लागलं तर

पेटीत साबण, स्वच्छ कापड, पट्टी, ओआरएस आणि पाण्याची भरलेली बाटली असू द्या. खरचटलं तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, माती, राख, हळद काही लावू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे घोळणा फुटणं, म्हणजे नाकातून रक्त येणं, नेहमीचं आहे, अशा वेळी डोकं मागे करायचं नाही. बसवा, थोडं पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत १० मिनिटं घट्ट धरा, तोंडाने श्वास घेऊ द्या. नाही थांबलं तर अजून १० मिनिटं, तरी नाही तर दवाखाना. मुरगळलं किंवा हात वाकडा दिसला तर चोळायचं नाही, ओढायचं नाही, ओढणीच्या झोळीत हात धरून दवाखान्यात. चक्कर, डोकं दुखणं, मळमळ, तोंड लालभडक असं उन्हात झालं तर लगेच सावलीत, कपडे सैल, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी. बडबडायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंग गार करत राहा.

शिक्षा म्हणून व्यायाम नको

उशीर झाला म्हणून मैदानाला फेऱ्या, बोलला म्हणून उठाबशा, हे मला अजिबात पटत नाही. ज्या गोष्टीची गोडी लावायला आपण उभे आहोत तीच दंड म्हणून द्यायची? शिवाय शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. फार त्रास देणाऱ्याला दोन मिनिटं तुमच्या शेजारी उभं करा, मग विचारा "आता येतोस?" आणि परत पाठवा. तसंच गणित राहिलं म्हणून पीटीचा तास काढून घेणंही चूक, तुमच्या हातात असेल तिथे तरी तसं होऊ देऊ नका.

निरीक्षणाचा पाठ

अध्यापक विद्यालयातले सर-मॅडम खुर्ची टाकून बसले की पोरं एकदम गप्प होतात. त्या दिवशी नवीन खेळ घेऊ नका, पोरांना येत असलेलाच घ्या आणि त्यात एक छोटा बदल शिकवा. सगळं साहित्य आधीच सहा ठिकाणी मांडून ठेवा, वाटण्यात वेळ जायला नको. आणि निरीक्षकांना टाचणातली मिनिटं दाखवा, रांगा इतक्या का केल्या ते सांगा, ते लक्ष देऊन ऐकतात असा अनुभव आहे.

तास संपताना

एकदम वर्गात नेऊ नका. सावलीत गोल बसवून दोन-तीन मिनिटं लांब श्वास, पाय सरळ करून बोटांना हात लावणं, मग हात-तोंड धुणं, पाणी. पोरं मोजा, मग साहित्य मोजा, ह्याच क्रमाने.

त्याच दुपारी वहीत नोंद करा, संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. "छान", "उत्तम" असं लिहू नका, आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदीला उपयोग होत नाही. "डोळे उघडे ठेवून दोन हातांनी झेलते", "डाव्या पायावर लंगडी तीन उड्या", "खो देताना अजून ढकलतो" असं लिहा. एका तासात चार-पाच पोरांकडेच नीट बघून होतं, पुढच्या तासाला दुसरी पाच धरा, महिन्यात सगळा वर्ग होतो. आणि पुढचं टाचण लिहायला बसाल तेव्हा ती वही समोर उघडी ठेवा, लंगडीत तीन उड्यांवर असलेल्या पोराला चार उड्यांवरचा टायर कुठे मांडायचा ते त्यातूनच ठरतं.